घरचा संगणक मंद का चालतो?



उसाची नोंद, वजनकाट्याची पावती, बिलाचा हिशोब ही कामे संगणकावर गेली त्याला आता बराच काळ लोटला. पुढे सभासदांच्या घरीही संगणक आला. कोणी मुलाच्या कॉलेजसाठी घेतला, कोणी सातबारा व पीक विम्याचे काम घरबसल्या व्हावे म्हणून घेतला, तर कोणी मुलीला गावातच सेवा केंद्र काढून दिले. घेतला तेव्हा तो वाऱ्यासारखा पळत होता. दोन-तीन वर्षे गेली, आणि आता असे झाले आहे की बटण दाबावे, चहा पिऊन यावे, तरी पडद्यावर गोल चक्र फिरतेच आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस असतो, पोरगी रडकुंडीला येते. दुकानात नेला तर उत्तर तयार असते : "भाऊ, याचा डबा झाला. नवीन घ्या." मग सभासद पुढचा हप्ता कधी पडतो याची वाट पाहू लागतो.

हप्ता त्यात घालण्याआधी हा लेख वाचावा अशी विनंती आहे. पुष्कळदा यंत्र म्हातारे झालेले नसतेच. मालकाने न सांगितलेली कामे त्याच्या डोक्यावर येऊन बसलेली असतात, आणि मालकाच्या कामाला जागा उरत नाही. ही कामे कोणती, ती कोठे दिसतात, त्यांतली कोणती बंद करावयाची आणि कोणत्यांना चुकूनही हात लावावयाचा नाही, एवढाच आजच्या पाठाचा विषय आहे. घरोघरी सहसा विंडोज हीच प्रणाली आढळते, म्हणून तिच्यापुरतेच बोलू.

गव्हाण भरली की

संगणकात तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिला प्रोसेसर. हा आपला चरक, सगळे गाळप तोच करतो. दुसरी रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती. ही गव्हाण समजा. चरकाला जे लगेच द्यावयाचे ते गव्हाणीत असले पाहिजे. तिसरी डिस्क, म्हणजे ज्यात फोटो, कागदपत्रे, सारे प्रोग्राम साठवलेले असतात ती. हे आपले यार्ड. तेथे शेकडो गाड्या उभ्या राहू शकतात, पण यार्डातली मोळी गव्हाणीपर्यंत आणायला वेळ लागतो.

आता कल्पना करा, की गव्हाणीत कोणी परस्पर भलत्याच मोळ्या टाकून ठेवल्या आहेत. आपली गाडी आली तर जागाच नाही. मग एक मोळी उचलून परत यार्डात ठेवायची, आपली आत घ्यायची, पुन्हा ती काढायची, पहिली आणायची. चरक रिकामा फिरतो आणि माणसे नुसती धावपळ करतात. संगणकात नेमके हेच घडते. रॅम भरली की तो तिच्यातला माल डिस्कवर नेऊन ठेवतो व लागेल तसा परत आणतो. चार जीबी रॅमचा संगणक असेल तर विंडोज स्वतःच तिचा मोठा भाग व्यापते, त्यावर ब्राउझरच्या आठ-दहा खिडक्या उघडल्या की गव्हाण भरलीच. त्यात न बोलावलेल्या मोळ्या आल्या तर दुसरे काय होणार?

पडद्यामागे काही ना काही चालू असणे हे मात्र वाईट नव्हे, हेही समजून घेतले पाहिजे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९६३ च्या सुमारास प्रोजेक्ट मॅक नावाचे काम चालू असताना अशा न दिसणाऱ्या कामकऱ्यांना 'डीमन' असे नाव पडले. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने आपल्या एका काल्पनिक प्रयोगात रेणू निवडणारा एक अदृश्य प्राणी मानला होता, त्यावरून ते घेतले. न थकता, न दिसता, मागच्या मागे काम करणारा. छपाईचे कागद रांगेत लावणे, घड्याळाची वेळ जुळवणे, इंटरनेटची जोडणी राखणे, ही कामे असेच डीमन करतात. विंडोजमध्ये त्यांना 'सर्व्हिस' म्हणतात. तेव्हा पडद्यामागचे सगळेच तण नव्हे, त्यात आंतरपीकही आहे. खुरपे घेऊन बसताना दोन्ही ओळखता आले पाहिजे, नाहीतर तणाबरोबर हरभराही उपटला जातो.

आधी पाहणी

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. 'टास्क मॅनेजर' नावाची खिडकी उघडते. विंडोज १० मध्ये ती छोटी दिसली तर खालच्या 'मोअर डिटेल्स' वर टिचकी मारावी. येथे चालू असलेल्या प्रत्येक कामाचे नाव आणि पुढे चार रकाने दिसतील : सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क. रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारली की सर्वांत जास्त खाणारा वर येतो. आपण एकही प्रोग्राम उघडलेला नसताना, संगणक सुरू होऊन दहा मिनिटे झाल्यावर, हे पाहावे. मेमरीचा आकडा ऐंशी टक्क्यांच्या वर असेल, किंवा डिस्क शंभरावर चिकटून बसली असेल, तर दुखणे कोठे आहे ते कळले. सुरुवातीची दहा मिनिटे मोजू नयेत. त्या वेळी सगळेच जागे होत असतात.

या खिडकीत दोन नावे लोकांना विनाकारण घाबरवतात. 'डिटेल्स' या पानावर 'सिस्टीम आयडल प्रोसेस' असे एक नाव असते आणि त्यापुढे नव्वद-पंचाण्णव आकडा असतो. ते पाहून "हाच खातोय सगळं" म्हणत पुष्कळजण त्याच्या मागे लागतात. वास्तविक तो प्रोसेसरचा मोकळा वेळ आहे. पंचाण्णव म्हणजे चरक पंचाण्णव टक्के रिकामा उभा आहे. दुसरे नाव 'सर्व्हिस होस्ट'. ते एकाखाली एक पन्नास-साठ वेळा दिसते, म्हणून कोणी व्हायरस समजतात. पूर्वी एका होस्टमध्ये पुष्कळ सर्व्हिसेस एकत्र कोंबलेल्या असत. २०१७ पासून विंडोज १० मध्ये, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर, प्रत्येकीला बहुधा वेगळी खोली दिली जाते. एक बिघडली तर बाकीच्यांना त्रास होऊ नये हा उद्देश. संख्या वाढली म्हणून काम वाढले असे नाही.

याच खिडकीत 'परफॉर्मन्स' या पानावर सीपीयू निवडला की खाली 'अप टाइम' लिहिलेला दिसतो. तो अवश्य पाहावा. रोज रात्री संगणक बंद करणाऱ्यांनाही तेथे कधी आठ, कधी पंधरा दिवस दिसतात आणि ते चकित होतात. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तिच्यात 'शट डाउन' केले तरी प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो व सकाळी तोच उचलून आणला जातो. त्यामुळे सुरुवात लवकर होते, पण साचलेला गाळही परत येतो. खरी धुलाई 'रिस्टार्ट' ने होते. आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करावे. पैसा लागत नाही, जाणकार लागत नाही, आणि निम्मी तक्रार कधीकधी येथेच मिटते.

सकाळी गेटवर उभी असलेली गर्दी

आता मुख्य काम. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' असे पान आहे, विंडोज ११ मध्ये 'स्टार्टअप अ‍ॅप्स' म्हणतात. संगणक उघडताक्षणी आपणहून सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची ही यादी. त्यापुढे 'हाय', 'मिडियम', 'लो' असा त्यांचा भार लिहिलेला असतो. प्रत्येक प्रोग्राम बसवताना "मलाही सकाळी उठवा" अशी नोंद तो गुपचूप करून घेतो आणि आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे जातो. दोन वर्षांत यादी वीस नावांवर जाते. प्रिंटर कंपनीचा शाई विकणारा प्रोग्राम, गाण्यांचे अ‍ॅप, सभा घेण्याचे अ‍ॅप, खेळांचे दुकान, लॅपटॉप कंपनीने आधीच घातलेली चार-पाच साधने, मोबाइलमधील फोटो उतरवण्यासाठी एकदाच वापरलेले काहीतरी. यांना सकाळी उठवण्याचे कारण नाही. नावावर उजवी टिचकी मारून 'डिसेबल' करावे. प्रोग्राम पुसला जात नाही. जेव्हा लागेल तेव्हा आपण उघडला की उघडतो. चुकून भलता बंद झाला तर त्याच ठिकाणी 'एनेबल' आहे. फरक पुढच्या रिस्टार्टनंतर दिसतो.

एका दिवशी सगळी यादी साफ करू नये. तीन-चार नावे बंद करावीत, रिस्टार्ट करावे, दोन दिवस नेहमीचे काम करून पाहावे, मग पुढची. बंद केलेल्या नावांची वहीत तारखेसह नोंद ठेवावी. औषध फवारताना आपण कोणत्या वाफ्याला काय मारले ते लक्षात ठेवतो ना, तसेच हे. नाव अनोळखी असेल तर उजव्या टिचकीत 'सर्च ऑनलाइन' आणि 'ओपन फाइल लोकेशन' असे दोन पर्याय आहेत. पहिल्याने ते काय आहे याची माहिती मिळते, दुसऱ्याने ते डिस्कवर कोठे बसले आहे ते कळते. तरीही उलगडा झाला नाही तर ते तसेच राहू द्यावे.

ब्राउझरचे वेगळे सांगितले पाहिजे, कारण तो बंद केला तरी बंद होत नाही. क्रोममध्ये सेटिंग्जच्या 'सिस्टीम' या भागात, ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीतील अ‍ॅप्स चालू ठेवण्याचे एक बटण आहे. एजमध्ये तसेच बटण आहे, शिवाय 'स्टार्टअप बूस्ट' नावाचे दुसरे. दोन्ही बंद करून चालते. ब्राउझरला जोडलेली 'एक्स्टेन्शन्स' ही तपासावीत. स्वस्त खरेदी दाखवणारी, पीडीएफ फुकट बदलून देणारी, अशी सात-आठ तरी सापडतात. प्रत्येक जण आपण उघडलेल्या पानावर डोळा ठेवून बसलेला असतो.

ज्यांना हात लावू नये

हा भाग सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी दोनदा वाचावा.

देशातील पहिले आधार क्रमांक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले, हे सर्वांना माहीतच आहे. तेव्हापासून अंगठ्यावर किती कामे आली! पीएम किसानची ई-केवायसी अंगठ्याने करावयाची तर केंद्रात जावे लागते. अंगठा घेणारे छोटे यंत्र संगणकाला जोडलेले असते, आणि त्याच्यासाठी 'आर.डी. सर्व्हिस' नावाचे काम पडद्यामागे सतत चालू असावे लागते. आर.डी. म्हणजे रजिस्टर्ड डिव्हाइस. अंगठ्याचा ठसा यंत्रातून निघताना कुलूपबंद करणे, हे यंत्र आधार प्राधिकरणाकडे नोंदलेले आहे याची साक्ष देणे, ही तिची कामे. संकेतस्थळ आधी या सर्व्हिसला हाक मारून पाहते. तिने ओ दिली तरच पुढे जाते.

आता होते काय, की संगणक जड झाला म्हणून कोणी हौशी पोरगा येतो, 'सर्व्हिसेस' ची यादी उघडतो, आणि "ही नको, ही पण नको" करत दहा-वीस बंद करून जातो. संगणक दोन दिवस चपळ वाटतो. तिसऱ्या दिवशी धडगावकडच्या पाड्यावरून भाडे खर्चून एक म्हातारबाबा येतात. अंगठा लावतात, उमटत नाही. हात धुऊन या म्हणतात, तरी नाही. दुसरे बोट, तिसरे बोट. शेवटी केंद्रवाला म्हणतो, "बाबा, काम करून करून तुमचे ठसे झिजले." म्हातारबाबा आपल्या हाताकडे बघत परत जातात. शेतातल्या कामाने ठसे झिजतात हे खरे आहे, पण प्रत्येक वेळी दोष अंगठ्याचाच असतो असे नाही. म्हणून नियम असा, की अंगठा घेतला जात नसेल तर म्हाताऱ्या माणसाला परत पाठवण्यापूर्वी सर्व्हिसेसच्या यादीत आर.डी. सर्व्हिस चालू आहे की नाही ते पाहावे. कोणाचा सहा हजारांचा वर्षाचा आधार त्या एका ओळीवर अडलेला असू शकतो.

दुसरे, मराठी टंकलेखन. यादीत 'सीटीएफ लोडर' असे परके नाव दिसते. कोणाला वाटते काय हे, आणि त्याला बंद करण्याचे उपाय सांगणारेही पुष्कळ भेटतात. ते विंडोजचे भाषा व कळफलक सांभाळणारे काम आहे. ते मोडले तर मराठी कळफलक बदलत नाही, कधी शोधण्याच्या चौकटीत इंग्रजीसुद्धा उमटत नाही. त्याला राहू द्यावे.

मात्र मराठीच्या नावाने आपल्याकडे एक खास गर्दी असते, तीही पाहिली पाहिजे. जुन्या काळी प्रत्येक मराठी फाँटचा स्वतःचा कळफलक-प्रोग्राम असे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचे आय.एस.एम. ही नावे छापखाने आणि कचेऱ्यांतून सर्वांच्या परिचयाची. हे प्रोग्राम पडद्यामागे बसून प्रत्येक कळ पकडतात व तिचे मराठी अक्षर करतात. ज्याला जुन्या फाँटमधील मजकूर अजून हाताळावयाचा आहे त्याला ते हवेच. पण बहुतेक घरी काय आढळते? एक जुना कळफलक-प्रोग्राम, त्यावर इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहिण्याचे एक साधन, आणि विंडोजचा स्वतःचा इनस्क्रिप्ट, असे तिघेही एकाच कळीवर टपलेले. मग 'क' दाबला की भलतेच उमटते आणि लोक फाँटला शिव्या देतात. आपण ज्या पद्धतीने टाइप करतो ती एक ठेवावी, बाकीच्यांना स्टार्टअपमधून रजा द्यावी. नव्याने शिकणाऱ्याने इनस्क्रिप्टच शिकावा असे माझे स्पष्ट मत आहे. तो विंडोजमध्ये आधीच असतो, वेगळा प्रोग्राम लागत नाही, आणि एकदा बोटात बसला की हिंदी, गुजराथीलाही तोच क्रम चालतो. गुजराथच्या सीमेवरच्या आपल्या भागात हा काही लहान फायदा नव्हे.

तिसरा अँटीव्हायरस. हा खातो, हे खरे. प्रत्येक फाइल उघडताना तपासतो. विंडोजचा स्वतःचा 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' कधीकधी एकदम वर चढतो, त्या वेळी तो पूर्ण तपासणी करीत असतो. तासाभराने उतरतो. पण राखणदार भाकरी खातो म्हणून त्याला काढून टाकत नाहीत. येथे क्विक हीलचा दाखला देण्यासारखा आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान चालवणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात, दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असतात हे पाहून, त्यावर औषध म्हणून हा प्रोग्राम केला. २०१६ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले. म्हणजे बिघाड आणि उपाय दोन्ही आपल्या लोकांनी जवळून पाहिलेले आहेत. चूक अँटीव्हायरस ठेवण्यात नाही, दोन-दोन ठेवण्यात आहे. बाहेरचा एक बसवला तर विंडोजचा आपला राखणदार स्वतःहून बाजूला होतो, पण बाहेरचे दोन बसवले तर ते एकमेकांवरच भुंकत बसतात. मुदत संपलेला जुना पहिल्यांदा काढावा, मग नवा घालावा.

नेट कोण पिते?

सातपुड्याच्या बाजूच्या गावांत संगणकाला नेट सहसा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून दिले जाते. दिवसाचा दीड-दोन जीबीचा डेटा सकाळी दहालाच संपतो आणि घरात भांडण लागते. मुलगा म्हणतो मी काही पाहिले नाही, आणि तो खरे बोलत असतो. विंडोजचे नवे अपडेट, फोटो ढगात चढवणारे साधन, हे आपल्याला न विचारता पाणी ओढत असतात. उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये आपल्या वायफायच्या नावावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करावे. विंडोजला कळते की पाणी मोजून मिळते आहे, आणि ते मोठी ओढाताण थांबवते. त्याच ठिकाणी अपडेटच्या भागात 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे. त्याने आपला संगणक इतरांच्या संगणकांकडून अपडेट घेतो आणि इतरांना देतोही. सहकाराचे तत्त्व उत्तम, पण मोजक्या डेटावर ते परवडत नाही, बंद करावे. मात्र अपडेट कायमचे रोखू नये. महिन्यातून एखाद्या दिवशी जेथे चांगले नेट असेल तेथे संगणक नेऊन, चार्जिंगला लावून, त्याला पोटभर घेऊ द्यावे.

उपाय म्हणून आलेली दुखणी

'संगणक दहा पट वेगवान करा' अशा जाहिराती ब्राउझरमध्ये नाचत असतात. हे 'क्लीनर', 'बूस्टर' बसवले की तेच स्टार्टअपच्या यादीत सर्वांत वर जाऊन बसतात, दर अर्ध्या तासाने "तुमच्या संगणकात आठशे दोष सापडले" अशी पाटी दाखवतात आणि पैसे मागतात. ते जे करतात ते सगळे आपण वर सांगितल्याप्रमाणे फुकट करू शकतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे कुलूप तोडलेले महागडे प्रोग्राम पेन ड्राइव्हवर आणून घालणे. त्यांच्या पोटात कधीकधी आभासी नाणी खणणारा प्रोग्राम असतो. तो आपला प्रोसेसर व आपली वीज वापरून दुसऱ्याचा खिसा भरतो. २०१७ ते २०१९ या काळात कॉइनहाइव्ह नावाची एक सेवाच होती, तिच्यामुळे नुसते संकेतस्थळ उघडले तरी पाहुण्याच्या संगणकावर खणणे सुरू होई. संगणक रिकामा असताना पंखा जोरात ओरडतो आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतो, असे झाले तर संशय घ्यावा व पूर्ण तपासणी करावी.

आणि कोणी फोन करून "तुमचा संगणक मंद आहे असे आम्हाला येथून दिसते, हे अ‍ॅप घाला, आम्ही दुरुस्त करतो" म्हणाला तर फोन ठेवून द्यावा. मंदपणा असा लांबून कोणाला दिसत नसतो. ओळखीच्या जाणकाराला असे अ‍ॅप घालून मदत करू दिली असेल, तर काम झाल्यावर ते काढून टाकावे, कारण तेही दररोज सकाळी आपणहून सुरू होते. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

एवढे करूनही मंदच राहिला तर

मग खरोखर यंत्राकडे पाहण्याची वेळ आली. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर डिस्कच्या नावाखाली 'एचडीडी' किंवा 'एसएसडी' लिहिलेले असते. एचडीडी असेल, म्हणजे आत चकती फिरत असेल, तर तेच कारण आहे असे जवळजवळ धरून चालावे. चकतीवर सुई इकडून तिकडे सरकते. सेकंदाला शंभर-दीडशे वेळा एवढीच तिची धाव. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, तिला हजारो फेऱ्या होतात. अशा जुन्या संगणकावर विंडोजच्या शोधसूचीचे काम, किंवा नेहमीचे प्रोग्राम आधीच गव्हाणीत आणून ठेवणारी 'सिसमेन' ही सर्व्हिस, डिस्क शंभरावर नेऊ शकते. सिसमेन बंद करून पाहण्यास हरकत नाही, पण खरा उपाय डिस्क बदलणे. नव्या संगणकाच्या किमतीपुढे तो खर्च फार थोडा आहे, आणि रॅम वाढवण्याची जागा मोकळी असेल तर तेही त्याच वेळी करून घ्यावे.

उन्हाळ्याचेही ध्यानात घ्यावे. मिरचीच्या पथारीवर उभे राहवत नाही असे आपले ऊन, आणि घरात पत्र्याखाली लॅपटॉप गादीवर ठेवलेला. फार तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम हळू चालतो. हे कोणत्याही यादीत दिसत नाही. पंख्याची जाळी धुळीने बुजली असेल तर साफ करून घ्यावी व लॅपटॉप कठीण पाटावर ठेवावा.

विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरणाऱ्यांनी नोंदणी केली तर सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले. विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम, ६४ जीबी साठा आणि टीपीएम २.० नावाचा सुरक्षेचा भाग लागतो. जुन्या संगणकात तो नसतो. तेव्हा दुकानदार "हा चालणार नाही" म्हणाला तर तो कशामुळे म्हणतो ते विचारावे. मंदपणामुळे म्हणत असेल तर वरील सर्व करून पाहिलेले आहे असे सांगावे. टीपीएममुळे म्हणत असेल तर त्याचे म्हणणे रास्त आहे.

शेवटी फॉरमॅट करावयाचे ठरलेच, तर फोटो आणि कागदपत्रे आधी दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावीत. अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर, आर.डी. सर्व्हिस आणि आपला मराठी कळफलक पुन्हा घालून द्यावयास दुकानातच सांगावे, घरी आल्यावर आठवण होऊन उपयोग नाही. संगणक परत आला की पहिल्याच दिवशी स्टार्टअपची यादी उघडून सगळी नावे वहीत उतरवून ठेवावीत. तीन महिन्यांनी पुन्हा उघडली की नवी नावे कोणती शिरली ते लगेच समजते.